सहा घरमालक, पाच भाडेकरू

इंदुताईने आयुष्यात चार माणसांना रक्त येईपर्यंत मारलं आणि एका खेकड्याला जिवानिशी. माणसांबद्दल तिला कधी फारसं वाईट वाटलं नाही.

पहिला तिचा नवरा. केज तालुक्यात, लग्नाच्या सातव्या वर्षी, त्याने चुलीतलं जळकं लाकूड उचललं आणि तिने मुसळ. मनगट त्याचं मोडलं, हाड बाहेर आलं. त्याच आठवड्यात ती एक तांब्याचा हंडा आणि दोन लुगडी घेऊन चाकणला आली. दुसरा, सहा आसनी रिक्षात मांडी घासत बसणारा एक सद्गृहस्थ. त्याच्या अंगठ्याचा तिने असा चावा घेतला की त्याने चालत्या रिक्षातून उडी टाकली. तिसरा टँकरवाला. रांग मोडून ओळखीच्या घरी आधी पाइप सोडायचा. त्याच पाइपचं पितळी तोंड त्याच्या कपाळावर बसलं. चौथा गणराज, प्रेस शॉपचा सुपरवायझर.

अंगाने ती काटकुळी. वय चव्वेचाळीस. बोलताना समोरच्याच्या छातीवर बोट आपटते, त्यामुळे तिच्याशी बोलणारा माणूस नकळत मागे मागे सरकत जातो. निघोज्यात शालनबाईंच्या चाळीत दहा बाय बाराची खोली. तिथे दोन वर्षांपूर्वी दिव्या राहायला आली. गुहागरकडची, तेविसाव्या वर्षात, इंदुताईच्याच कंपनीत नवी. सामान म्हणजे एक बॅग आणि दोन फुटांची काचेची पेटी.

"ह्यात मासे कुठं हायत?" इंदुताईने विचारलं.

"मासे नाहीत. गोगलगाई आहेत, समुद्रातल्या. आणि शंखातले खेकडे."

"खायला?"

"बघायला."

"बघायला गावाकडं मानसं न्हाईत का तुला?"

"आहेत गो. पण ती डब्यातून आणता येत नाहीत."

गावाकडच्या खडकांवरून दिव्याने ती आणली होती. पहिल्या दोन खेपा मेल्या होत्या. तिसऱ्या खेपेला तिला जमलं. सहा गोगलगाई, पाच खेकडे. गोगलगाई काचेवरचं शेवाळ चाटत दिवसभर सरकायच्या. खेकड्यांना स्वतःचं कवच नसतं, मागचं अंग उघडं आणि लोण्यासारखं मऊ. म्हणून मेलेल्या गोगलगाईच्या रिकाम्या शंखात ते शेपूट खुपसून राहतात, आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधतात.

"म्हणजे ह्या घरमालक," इंदुताई गोगलगाईंकडे बोट करून म्हणाली, "आणि हे भाडेकरू."

"आणि भाडेकरूला घर आवडलं तर तो मालकाला मारतो."

"मग हे चाकणच झालं की."

एका गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, दोघींनी ते पाहिलं. सगळ्यात मोठ्या खेकड्याने, ज्याचं नाव इंदुताईने दादा ठेवलं होतं, एका छोट्याला कोपऱ्यात गाठलं. त्याचा शंख नांग्यांनी धरला आणि आपला शंख त्याच्यावर आपटायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक. काचेबाहेर ऐकू येत होतं. पंधरा मिनिटं. मग छोट्याची पकड सुटली. दादाने त्याला नांगीत धरून बाहेर ओढलं, फेकलं, आणि आपला शंख सोडून त्याच्या घरात शिरला. छोटा नागडा, वाळूवर, पोट गुंडाळून पळत होता.

"मार ना त्याला," इंदुताई काचेला नाक लावून म्हणाली. "बघत काय बसलीस? हात घाल आन् मार."

"कोणाला?"

"त्या मोठ्याला."

"इंदुताय, ह्यात हात घालायचा नाही. रिकामे शंख जास्तीचे ठेवायचे, बस. घर मिळालं की भांडण मिटतं." दिव्याने एक रिकामा शंख चिमट्याने आत सोडला. छोटा धावत त्यात शिरला.

"तू लई थंड हायस," इंदुताई म्हणाली. ती नाराज झाली होती. तिला दादाला मार पडलेला बघायचा होता.

थंड असल्यामुळेच दिव्या कंपनीत मागे पडायची. गाडीच्या सीटखालचे ब्रॅकेट दाबायचं काम. जुनी प्रेस, खाली पत्र्याचा तुकडा ठेवायचा, दोन्ही तळव्यांनी दोन बटणं एकदम दाबायची, वरचा डाय, म्हणजे लोखंडी साचा, खाली येतो. दोन बटणं अशासाठी की डाय खाली येताना दोन्ही हात बाहेर असावेत. पण दोन्ही हात बटणांवर म्हणजे प्रत्येक नगाला दोन सेकंद जास्त. म्हणून जुन्या बायका एका बटणात रबराची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवायच्या. एक हात बटणावर, एक हात पत्र्यावर. सगळ्यांना माहीत होतं, आणि सुपरवायझर आला की सगळ्यांना काहीच माहीत नसायचं.

मार्चमधल्या एका बुधवारी, पहिल्या शिफ्टला, दिव्या बाथरूमला गेली. परत येताना गणराज तिच्या वाटेत उभा होता.

"किती मिनिटं झाली?"

"चार असतील, सर."

"सात." त्याने घड्याळ तिच्या डोळ्यांसमोर धरलं. "तुझ्या बाथरूमच्या नादात माझं टार्गेट जातंय. उद्यापासून घरूनच उरकून येत जा."

शेजारच्या मशिनीवर इंदुताई ऐकत होती. तिने आधीच, दिव्या नसताना, तिच्या उजव्या बटणात पाचर बसवून ठेवली होती. लेकरू मागं पडतंय, थोडं पुढं जाईल. एवढंच तिच्या मनात होतं. आल्यावर सांगायचं होतं. पण गणराज बोलला, दिव्या रडवेली होऊन मशिनीवर उभी राहिली, तिला पाचर दिसली नाही, आणि सांगायचं राहिलं.

"आज मशीन हलकं चाललंय," दिव्या म्हणाली. हे तिचं उजव्या हाताने उच्चारलेलं शेवटचं वाक्य म्हणायला हरकत नाही, कारण ती बोलताना हातवारे करायची. तिरका बसलेला तुकडा सरळ करायला तिने उजवा हात आत घातला. डावा तळवा बटणावर टेकला.

आवाज नेहमीचाच आला. म्हणून पहिले दोन क्षण कोणी वळून पाहिलं नाही.

डाय वर गेला तेव्हा खाली ब्रॅकेटच्या खाचेत तीन बोटं होती, पत्र्याच्या जाडीची. दिव्या ओरडली नाही. ती हाताकडे बघत होती, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. इंदुताईने डोक्याचा रुमाल तिच्या मनगटावर करकचून बांधला, बोटं खरवडून आपल्या डब्यात घेतली, आतली भाजी जमिनीवर ओतून. आणि तेवढ्यात मागून गणराजचा आवाज आला.

"घाई करू नका म्हणून शंभरदा सांगितलंय."

इंदुताईच्या हाताला लोखंडी पाना लागला. पहिला फटका खांद्यावर, दुसरा कानावर. कान वरून खालपर्यंत फाटला आणि गालावर लोंबायला लागला. गणराज गुडघ्यांवर बसला. तरी ती मारत होती. चार पुरुष लागले तिला ओढायला. सगळं शॉप गणराजभोवती गोळा झालं, आणि त्या गर्दीत इंदुताईने डाव्या हाताने दिव्याच्या मशिनीतली पाचर काढून ब्लाऊजमध्ये घातली. संध्याकाळी बस पुलावर आली तेव्हा तिने ती इंद्रायणीत टाकली.

बोटं जोडता आली नाहीत. डॉक्टरने डबा उघडून बघितला आणि झाकण परत लावलं.

इंदुताई निलंबित झाली. बायकांमध्ये मात्र तिचं नाव झालं. गणराजनेच पाचर लावायला सांगितली असणार, म्हणून तर इंदुताईने त्याला फोडला, असं सगळ्या म्हणायला लागल्या. बटणावर रबराचा डाग सापडला. कंपनी म्हणाली, पाचर दिव्यानेच लावली, निष्काळजीपणा. चौकशीची तारीख पाच आठवड्यांनी पडली.

दिव्या दवाखान्यातून थेट गावी गेली. जाताना, गुंडाळलेला हात छातीशी धरून, तिने एवढंच सांगितलं.

"इंदुताय, माझी ती सांभाळ गो. दिवसाआड चिमूटभर जवळा. काचेवर नेलपॉलिशची रेघ आहे. पाणी उडून रेघेखाली गेलं की गोडं पाणी घालायचं. मीठ घालायचं नाही, मीठ उडत नाही. आणि नळाचं पाणी नको. शुद्ध पाणी घाल."

"घालते."

"मेली नाही पाहिजेत. आता तेवढंच आहे माझ्याकडे."

त्या दिवशी इंदुताईने स्वतःशी ठरवलं: दिव्या आली की तिच्यासमोर ही अकराच्या अकरा जिवंत ठेवायची, आणि मग पाचरीचं सांगायचं. जिवंत जनावरं मध्ये असली तर तोंड उघडेल. रिकाम्या हाताने उघडणार नाही. माणसांना मारायला तिला धीर लागत नसे, सांगायला लागत होता.

पहिला आठवडा नीट गेला. दिव्या जारचं पाणी वापरायची, तेच इंदुताईने वापरलं. मग जार संपला. नवा आला तो तिने उन्हात धरून बघितला, आत बुळबुळीत हिरवा थर होता. "हे शुद्ध?" तिने जारवाल्याला विचारलं, छातीवर बोट आपटत, आणि जार त्याच्या टेम्पोत परत टाकला.

शुद्ध पाणी तिच्या घरात होतं. केजहून आणलेला हंडा. दर गुरुवारी चिंच आणि मीठ लावून आतून-बाहेरून ती तो घासायची, आरशासारखा. रात्रभर त्यात पाणी ठेवायचं आणि सकाळी प्यायचं. तिची आई तेच पिऊन नव्वद वर्षं जगली होती. हे पाणी ती पाहुण्यालाही देत नसे. चैत्राच्या उन्हात पेटीतलं पाणी झपाट्याने उडायचं. रोज सकाळी दोन तांबे हंड्यातलं पाणी ती रेघेपर्यंत घालायला लागली. स्वतः नळाचं प्यायली.

दहाव्या दिवशी एक गोगलगाय काचेवरून खाली पडली. उलटी. परत चढली नाही.

दुसऱ्या दिवशी दोन. पाण्याला वास येत होता. दादा पडलेल्या गोगलगाईवर बसून नांगीने तिचं मांस ओढून खात होता.

"बघा हो, शालनबाई," इंदुताईने घरमालकिणीला आत बोलावलं. "मारायलाय की न्हाई हा?"

शालनबाईंनी पदर नाकाला लावला. "व्हय गं. मोठा हाय त्यो, खानारच. आमच्या वढ्यातबी खेकडा खेकड्याला सोडत न्हाई."

फोनवर दिव्याने विचारलं, "बरी आहेत ना?"

"हायत."

"सगळी?"

"समदी. तू हात कसा हाय सांग."

"खाजतो. जी बोटं नाहीत ती खाजतात."

इंदुताईने फोन ठेवला आणि पेटीसमोर खुर्ची ओढून बसली. राखणीला. तिसऱ्या दिवशी दोन गोगलगाई गेल्या, आणि एक छोटा खेकडा स्वतःहून शंखाबाहेर आला. कोणी ओढला नाही. तो बाहेर आला, वाळूवर आडवा झाला, पाय थरथरले. दादा त्याच्याकडे चालत गेला, शंख आपटत. ते पाहिल्यावर इंदुताईला दुसरं काही दिसेनासंच झालं.

गुरुवार होता, दुपारचा एक. तिने पेटीत हात घातला, दादाला शंखासकट उचललं. त्याने तिच्या अंगठ्याच्या पेरात नांगी रुतवली. तिने सोडला नाही. तसाच खलबत्त्याच्या खलात टाकला आणि बत्ता उचलला.

"खा आता," ती म्हणाली. "खा की."

पहिल्या घावाला शंख फुटला. दुसऱ्याला आतलं मऊ, वळलेलं, गुलाबी अंग फुटलं. पाय तरी हलत होते. तिने आणखी चार घाव घातले, खलाच्या तळाला बत्ता वाजेपर्यंत. पाणी तिच्या तोंडावर उडालं, खारट. खलात काय उरलं ते बघितल्यावर ती मोरीत गेली आणि ओकली. डब्यातली तीन बोटं बघूनही तिला उलटी झाली नव्हती.

शुक्रवारी सकाळी शेवटची गोगलगाय काचेवरून पडली. दुपारी आणखी एक खेकडा शंख सोडून बाहेर आला.

खुनी मेला होता आणि मरणं चालूच होती. इंदुताई पेटीभोवती फिरत राहिली. आता मारायला कोणी सापडेना. तिने पंप तपासला, वायर तपासली, पेटीखालच्या मुंग्या मारल्या, खिडकीतल्या पालीला झाडूने चेचलं. आणि उरलेल्या दोघांना जपायचं म्हणून हंड्यातलं पाणी दोन तांब्यांऐवजी तीन घातलं.

रविवारी सकाळी दिव्या आली. दारातच तिने चपला काढल्या आणि पेटीकडे गेली. इंदुताई मोरीच्या कठड्याला टेकून उभी होती.

"दोन," दिव्या म्हणाली.

"दोन."

"तू समदी म्हणालीस."

"म्हणाले."

दिव्या वाकली. दोन्ही खेकडे शंखातून अर्धे बाहेर लोंबत होते. तिने डाव्या हाताने एकाला शिवून बघितलं. पाय हळूच हलला. "पाणी कुठलं घातलंस?"

"जारचं घातलं न्हाई." इंदुताईच्या आवाजात थोडा ताठा आला. "घाण असतं ते. म्या हंड्यातलं घातलं. रातभर ठिवलेलं."

दिव्याने वळून हंड्याकडे बघितलं. खिडकीतलं ऊन त्याच्यावर पडलं होतं.

"तांब्याचं."

"हां. शुद्ध."

"तांबं विष आहे त्यांना. थोडंसं पुरे होतं." ती खाली बसली. "रोज घातलंस?"

"रोज."

"दादा कुठाय?"

"मारला. त्यो मारायलाय असं वाटलं मला."

"तो मेलेलं खात होता. ते त्याचं कामच आहे." इंदुताई येऊन तिच्याशेजारी बसली. दिव्याने गुंडाळलेला हात इंदुताईच्या गुडघ्यावर ठेवला. "तू मुद्दाम नाही केलंस गो. माया केलीस. माझीच चूक, मला नीट सांगायला पाहिजे होतं."

त्या हाताला वजन नव्हतं. इंदुताईने तो उचलून बाजूला ठेवला.

"पाचर म्या लावली व्हती."

"कुठली?"

"तुझ्या बटणातली. तू बाथरूमला गेल्तीस तवा. तुझं टार्गेट व्हावं म्हणून."

बाहेर शालनबाई कोणाला तरी पाण्यावरून झापत होत्या. ते दोघींना स्पष्ट ऐकू येत होतं.

"मग गणराजला का मारलंस?"

"त्यानं लावली असं वाटावं म्हणून." इंदुताईने लगेच दुरुस्त केलं. "तवा तसं ठरवून न्हवतं मारलं. पण पाचर काढली ती ठरवून काढली."

दोघी उठल्या. दिव्याने पहिली थोबाडीत डाव्या हाताने मारली. नीट बसली नाही, हनुवटीला लागली. दुसरी कानावर बसली. मग तिने उजवा हात उगारला, बँडेजचा, आणि तोच जोरात मारला, इंदुताईच्या तोंडावर, आणि कळ आली तेव्हा स्वतःच किंचाळली आणि परत मारला. बँडेजवर लाल डाग फुलला. इंदुताईचा ओठ फुटला. तिचे हात दोन्ही बाजूंना खाली होते. आयुष्यात पहिल्यांदा ती मार खात होती आणि हात वर येत नव्हता. आपटत आपटत दिव्याने तिला भिंतीपर्यंत नेलं. मग भिंत आली आणि पुढे जायला जागा उरली नाही.

दिव्या धापा टाकत होती.

"बादली घे," ती म्हणाली. "निम्मं पाणी काढायचं. नवं खारं पाणी करायचं, जारच्या पाण्यात. नळी तोंडाने ओढावी लागेल. मला धरता येत नाही."

इंदुताईने पेटीत नळी सोडली, दुसरं टोक फुटक्या ओठांत धरलं आणि ओढलं. तोंडात खारं, कुजकं पाणी आलं. थुंकली. पाणी बादलीत पडायला लागलं.

"परत," दिव्या म्हणाली. संध्याकाळपर्यंत चार वेळा निम्मं पाणी बदललं. दिव्या "परत" याशिवाय काही बोलली नाही.

सोमवारी चौकशीला वकील होता, कंपनीचे दोघे होते, आणि कानाला टाके घातलेला गणराज. इंदुताईने कोणी विचारायच्या आधीच सांगितलं, पाचर कोणी लावली, कोणी काढली, नदीत कुठे टाकली. ओठ सुजलेला असल्याने तिला दोनदा सांगावं लागलं.

गणराज खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे मला फुकट मारलं?"

"फुकट न्हाई. लेकराला बाथरूमवरून घड्याळ दावलंस त्याचं खांद्यावर मारलं. कान जास्तीचा झाला."

"आणि कानाचं काय?"

"तू मार. बसलेय मी."

गणराजने वकिलाकडे बघितलं. वकिलाने हे लिहायचं की नाही म्हणून पेन हवेत धरलं होतं.

इंदुताईची नोकरी गेली. दिव्याच्या कागदावरचा निष्काळजीपणा खोडला गेला, तिला स्टोअरला बसून करायचं काम मिळालं. ती त्याच आठवड्यात पिंपळे गुरवला मावशीकडे राहायला गेली. दोन्ही खेकडे बरणीत घेतले. पेटी जुनी नको म्हणाली, काचेच्या सांध्यात तांबं मुरलेलं असतं. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि इंदुताई दारात आली नाही.

इंदुताई आता मोशीत एका खानावळीत दिवसाला दोनशे भाकऱ्या थापते. तिथल्या वाढप्याला तिने उलथन्याचा एक दिला आहे, पण रक्त आलं नाही म्हणून तो फटका ती मोजत नाही. महिन्यातून एकदा, पहिल्या गुरुवारी, पिठाचे हात धुऊन ती फोन लावते. पहिल्या महिन्यात दिव्याने उचलला नाही. दुसऱ्या महिन्यात उचलला.

"जगलेत का?"

"आहेत."

आणि फोन बंद. तिसऱ्या महिन्यातही तेच. चौथ्या महिन्यात उत्तर यायला वेळ लागला.

"एक आहे."

"दुसरा कशानं गेला?"

"ह्याने मारला. शंखासाठी."

इंदुताई फोन कानाला लावून उभी राहिली. मागे तवा धुरायला लागला होता आणि मालक हाका मारत होता.

"तू हात घातला न्हाईस ना मध्ये?"

"नाही."

"बरं केलंस," इंदुताई म्हणाली. पलीकडून काहीच आलं नाही, पण फोन बंदही झाला नाही. भाकरी जळाल्याचा वास सगळ्या खानावळीत पसरेपर्यंत दोघी आपापल्या जागी फोन धरून तशाच उभ्या होत्या.